वाचकांचे प्रश्न : थरांच्या स्फटिकातून निघणारे क्ष-किरण

प्रश्न : ‘अणूइतक्या पातळ थरांच्या पदार्थांपासून हव्या त्या ऊर्जेचे क्ष-किरण मिळवण्यात शास्त्रज्ञांना यश आले असून त्यासाठी आता अवाढव्य यंत्रांची गरज उरणार नाही,’ अशी एक बातमी वाचनात आली. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. क्ष-किरणांची नळी आम्ही वर्गात शिकवतो, पण पदार्थाचा थर क्ष-किरण कसे देतो, हे त्या बातमीवरून कळत नाही. यामागचे तत्त्व समजावून सांगावे, ही विनंती.
— एक शिक्षक, जळगाव

उत्तर : बातमीत एक महत्त्वाचा दुवा गाळलेला आहे. थर आपण होऊन क्ष-किरण सोडत नाहीत. त्यांच्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत सोडावा लागतो. हा झोत मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात असतो तेवढ्या ऊर्जेचा पुरतो, आणि सगळे नावीन्य तिथेच आहे. या विषयावरचा महत्त्वाचा प्रयोग २०२० साली ‘नेचर फोटॉनिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हैफा येथील टेक्निऑन संस्थेतील इडो कमिनर यांचा गट आणि सिंगापूरच्या नानयांग तंत्रविज्ञान विद्यापीठातील लियांग जी वाँग हे त्यातील प्रमुख सहभागी होते.

आपण शिकवता त्या नळीपासूनच सुरुवात करू. रंटगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी वुर्झबर्गमध्ये क्ष-किरण पाहिले आणि १९१३ मध्ये कूलिज यांनी तप्त तंतूची नळी तयार केली. त्यानंतर नळीची बनावट पुष्कळ सुधारली असली तरी तिचे तत्त्व तेच राहिले आहे. तापलेल्या तंतूतून निघालेले इलेक्ट्रॉन उच्च विद्युतदाबाने टंगस्टनसारख्या धातूवर आपटतात आणि त्यातून दोन प्रकारचे क्ष-किरण निघतात. इलेक्ट्रॉन अणुकेंद्रांजवळून जाताना वेडेवाकडे वळतात आणि मंदावतात. त्या वेळी निघणाऱ्या किरणांना गतिरोधी प्रारण म्हणतात. त्यात सर्व ऊर्जांची सरमिसळ असते. दुसरा प्रकार अभिलक्षणिक किरणांचा. त्यांची ऊर्जा मूलद्रव्यानुसार ठरलेली असते : तांब्याची ८.०५, मॉलिब्डेनमची १७.५ आणि टंगस्टनची सुमारे ५९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. नळीचा दाब वाढवला तर किरणांची संख्या वाढेल, पण तांब्याची रेषा ८.०५ वरून ९ वर जाणार नाही. ऊर्जा बदलायची तर धातूच बदलायला हवा, आणि आवर्तसारणीत जेवढी मूलद्रव्ये तेवढेच आपले पर्याय. शिवाय इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का क्ष-किरणांत उतरते. बाकीची उष्णता होऊन धातूला तापवते.

थरांच्या स्फटिकात तिसरीच गोष्ट घडते. असा स्फटिक म्हणजे ठरावीक अंतरावर एकावर एक रचलेले अणूंचे सपाट थर. टंगस्टन डायसेलेनाइडमध्ये एका थरापासून पुढच्या थरापर्यंतचे अंतर सुमारे ०.६५ नॅनोमीटर असते, तर ग्रॅफाइटमध्ये ते ०.३३५ नॅनोमीटर भरते. इलेक्ट्रॉन या थरांना काटकोनात छेदत गेला की प्रत्येक थराशी दोन घटना घडतात. इलेक्ट्रॉनच्या विद्युतक्षेत्रामुळे थरातील अणूंचे इलेक्ट्रॉन हलतात आणि प्रारण सोडतात. यांना पॅरामेट्रिक क्ष-किरण म्हणतात. त्याच वेळी थराच्या विद्युतक्षेत्राने खुद्द जाणाऱ्या इलेक्ट्रॉनला हिसका बसतो आणि त्यामुळे तोही प्रारण सोडतो. हे सुसंगत गतिरोधी प्रारण होय. दोन्ही घटना थरागणिक ठरावीक तालात होत असल्याने, एखाद्या दिशेला एका ठरावीक तरंगलांबीचे किरण एकमेकांना बळ देतात आणि इतर तरंगलांब्या आपसांत विरून जातात.

वर्गात सांगण्यासाठी रुळांच्या सांध्यांवरून जाणाऱ्या आगगाडीचे उदाहरण सोयीचे आहे. रुळांचे तुकडे सारख्या लांबीचे असल्याने गाडीची खडखड ठरावीक तालात ऐकू येते. गाडीचा वेग वाढला की ताल जलद होतो. तुकडे आखूड असले तरी तो जलद होतो. आणि ऐकणारा गाडीच्या पुढे उभा आहे की मागे, यानेही ऐकू येणाऱ्या तालात फरक पडतो. इथे गाडीच्या जागी इलेक्ट्रॉन आहे आणि सांध्यांच्या जागी थर. सूत्ररूपाने सांगायचे तर, मिळणारी तरंगलांबी म्हणजे थरांमधील अंतर गुणिले एक कंस. त्या कंसात प्रकाशवेगाला इलेक्ट्रॉनच्या वेगाने भागून आलेल्या संख्येतून निरीक्षणाच्या कोनाची कोज्या वजा केलेली असते. निरीक्षण झोताच्या काटकोनात केले तर कोज्या शून्य होते आणि आकडेमोड बारावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात येते. थरांतील अंतर ०.६५ नॅनोमीटर धरले, तर ६० किलोव्होल्टने त्वरित केलेल्या, म्हणजे प्रकाशाच्या ०.४५ पट वेगाच्या इलेक्ट्रॉनांपासून सुमारे ८५० इलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण मिळतात. १०० किलोव्होल्टला सुमारे १०४५ आणि ३०० किलोव्होल्टला सुमारे १४८०. स्फटिक तोच, जागा तीच, बदलला तो फक्त सूक्ष्मदर्शकाचा दाब. नळीत जे कधीच साधत नाही ते इथे बटण फिरवून साधते.

हे तत्त्व २०२० साली सापडलेले नाही, हेही विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. पॅरामेट्रिक क्ष-किरणांचे भाकीत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मिन्स्क आणि येरेवान येथील सिद्धांतकारांनी स्वतंत्रपणे केले होते आणि १९८५ मध्ये टॉम्स्क येथील त्वरकावर ते किरण प्रत्यक्ष दिसले. पुढची अनेक वर्षे हे प्रयोग मोठ्या त्वरकांतील अतिवेगवान इलेक्ट्रॉन आणि सिलिकॉनसारखे स्फटिक घेऊन होत राहिले. मंद इलेक्ट्रॉनांनी हे करायचे तर स्फटिक फार पातळ हवा, नाहीतर इलेक्ट्रॉन आत विखुरतात, ताल बिघडतो आणि निघालेले मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण स्फटिकातच शोषले जातात. थरांचे पदार्थ उपयोगी पडतात ते यासाठी. त्यांच्या थराच्या आतील बंध भक्कम असतात, पण थराथरांमध्ये केवळ व्हान डर वाल्स बलाची दुबळी ओढ असते, त्यामुळे काही दहा किंवा काहीशे नॅनोमीटर जाडीचा, दोन्ही बाजूंनी सपाट आणि थर पृष्ठभागाला समांतर असलेला कपचा सहज सोलून निघतो. सिलिकॉन इतका पातळ करायचा तर घासून, आम्लाने किंवा आयनांच्या माऱ्याने झिजवत बसावे लागते.

टेक्निऑनच्या गटाने आणखी एक खुबी वापरली. धातू, फॉस्फरस आणि गंधक यांची थरांची संयुगे घेऊन त्यांनी त्यातील धातू बदलून पाहिला : क्रोमियम, मँगनीज, कोबाल्ट, निकेल. धातू बदलला की थरांमधील अंतर किंचित बदलते आणि किरणांची ऊर्जाही सरकते. दाब बदलून ठळक फरक करायचा आणि रसायन बदलून बारीक, अशी ही दुहेरी सोय आहे.

प्रश्न : मी गेली अनेक वर्षे क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करतो. आमच्या तालुक्यात यंत्र एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे हे मोठेच काम असते. या संशोधनामुळे हातात धरता येईल असे, कमी मात्रेचे यंत्र येत्या काही वर्षांत मिळेल का?
— एक तंत्रज्ञ, सोलापूर जिल्हा

उत्तर : छातीचे किंवा हाडांचे चित्र काढण्यासाठी मिळणार नाही, असे स्पष्टच सांगावे लागेल. याची दोन कारणे आहेत आणि दोन्ही आपल्या कामातील असल्याने आपल्याला लगेच पटतील.

पहिले कारण ऊर्जेचे. आपण नळीवर साधारण ६० ते १२० किलोव्होल्ट ठेवता. साठ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा किरण क्षीण होऊन जेमतेम एक तृतीयांश उरायला सुमारे पाच सेंटीमीटर पाणी लागते. शरीर पार करून तो पट्टीवर किंवा डिटेक्टरवर पोहोचतो तो म्हणूनच. वर सांगितलेले किरण एक किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे आहेत. ते पाण्यात अडीच मायक्रोमीटरच्या आत आणि साध्या हवेत दोन-तीन मिलिमीटरमध्येच तेवढे क्षीण होतात. त्यांचे काम निर्वातातच करावे लागते. रुग्ण नळीपासून हातभर अंतरावर झोपला असेल तर हे किरण त्याच्या शर्टापर्यंतसुद्धा पोहोचणार नाहीत.

दुसरे कारण किरणांच्या संख्येचे, आणि घोडे पेंड खाते ते खरे इथेच. आपल्या नियंत्रण फलकावर प्रवाहाचा आकडा मिलिअँपिअरमध्ये असतो; निदानाच्या नळीत तो शंभराच्या घरात सहज जातो. पारेषण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातील झोताचा प्रवाह नॅनोअँपिअरमध्ये मोजतात. हा फरक सुमारे दहा कोटी पटींचा आहे. त्यातच पातळ कपच्यातून जाणाऱ्या असंख्य इलेक्ट्रॉनांपैकी क्वचितच एखादा उपयोगी क्ष-किरण देतो. मथळ्यांत ‘छोटा स्रोत’ हे शब्द मोठ्या टाइपात येतात आणि किरणांच्या संख्येबद्दल अवाक्षर नसते, हे मला खटकते, कारण स्रोत केवढा आहे याच्याइतकेच तो सेकंदाला किती किरण देतो, हेही महत्त्वाचे आहे.

ऊर्जा वाढवता येणारच नाही, असे मात्र नाही. इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या अगदी जवळ नेला आणि किरण झोताच्या दिशेलाच टिपले, तर वरच्या सूत्रातील कंस फार लहान होतो आणि किरण कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, होतात. अशाच विचाराने २०१६ साली वाँग, कमिनर आणि एमआयटीतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राफिनच्या (ग्रॅफाइटच्या एका अणूइतक्या जाडीच्या थराच्या) पृष्ठभागावरील प्लाझ्मॉन लहरींचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या सामूहिक हेलकाव्यांचा, उपयोग करून, काही दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनांपासून कठीण क्ष-किरण मिळवण्याची योजना कागदावर मांडली होती. पण तेवढ्या ऊर्जेसाठी छोटा का होईना, त्वरक लागतो, आणि मग हातात धरण्याचा विषय संपतो. आपल्या तालुक्यासाठी आजची बॅटरीवर चालणारी वाहतूकयोग्य यंत्रेच उपयोगाची आहेत. ती घेताना अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता तेवढी पाहावी.

प्रश्न : आमच्या शहरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ हे सिंक्रोट्रॉन आहे. विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर ते पाहण्याचा योग आला होता. एवढे मोठे वलय बांधून जे मिळते ते जर टेबलावर मिळणार असेल, तर अशी यंत्रे कालबाह्य होतील का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : आपण ते वलय पाहिले आहे, त्यामुळे दोहोंची तुलना करणे सोपे जाईल. इंडस-२ चा परीघ १७२.५ मीटर असून त्यात २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन फिरत असतात. अशा वलयांतील सरळ भागांत अन्ड्युलेटर नावाची रचना बसवतात. त्यात उत्तर आणि दक्षिण ध्रुव आलटून-पालटून मांडलेले असतात आणि मधून जाणारा इलेक्ट्रॉन डावी-उजवीकडे डुलत जातो. या रचनेची एक आवृत्ती साधारण काही सेंटीमीटरची असते, कारण त्याहून फार लहान चुंबक केले तर त्यांचे क्षेत्र झोतापर्यंत पोहोचता पोहोचता दुबळे पडते.

आता सेंटीमीटरची आवृत्ती आणि नॅनोमीटरहून लहान तरंगलांबी यांची सांगड कशी घालायची? ती सापेक्षतेमुळे घातली जाते. सौम्य चुंबकांच्या अन्ड्युलेटरमधून समोरच्या दिशेला मिळणारी तरंगलांबी म्हणजे त्याची आवृत्ती भागिले लॉरेन्झ गुणकाच्या वर्गाची दुप्पट. हा गुणक म्हणजे इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा त्याच्या स्थिर ऊर्जेच्या किती पट आहे ती संख्या; अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला तो सुमारे ४९०० येतो. त्यामुळे ३ सेंटीमीटरची आवृत्ती जवळजवळ पाच कोटी पटींनी आखडून ०.६ नॅनोमीटरची तरंगलांबी मिळते. ते अवाढव्य वलय लागते ते मुख्यतः हा गुणक मिळवण्यासाठी. थरांच्या स्फटिकात निसर्गानेच ०.६५ नॅनोमीटरची आवृत्ती तयार ठेवलेली आहे. आखडण्याचे काम उरत नाही आणि म्हणूनच अर्ध्या प्रकाशवेगाच्या इलेक्ट्रॉनांवर भागते. या संपूर्ण विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट हीच आहे.

पण तुलना इथेच थांबवली तर ती एकांगी होईल. इंडस-२ मध्ये २०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह फिरतो, तेच इलेक्ट्रॉन सेकंदाला लाखो वेळा पुन्हा पुन्हा वापरले जातात आणि सापेक्षतेमुळे सगळे किरण एका अरुंद शंकूत एकवटतात. थरांच्या स्फटिकातून निघणारे किरण मात्र मोठ्या कोनात पसरतात आणि कोनागणिक त्यांची ऊर्जाही बदलते. प्रथिनांच्या स्फटिकांची रचना शोधायची असेल किंवा सेकंदाच्या सूक्ष्म अंशात घडणाऱ्या बदलांची चित्रे घ्यायची असतील, तर त्यासाठी सिंक्रोट्रॉन आणि क्ष-किरण लेसरच हवेत. हॅम्बुर्गजवळचा ३.४ किलोमीटर लांबीचा युरोपीय क्ष-किरण लेसर २०१७ पासून चालू आहे, तो उगीच नव्हे. इंदूरचे वलय बंद पडण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रश्न : ग्राफिन चिकटपट्टीने काढतात, हे खरे आहे का? तसे असेल तर असे थर घरी काढता येतील का?
— इयत्ता नववीतील एक विद्यार्थिनी, चिपळूण

उत्तर : खरे आहे. मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांनी ग्रॅफाइटचे थर चिकटपट्टीने पुन्हा पुन्हा सोलून अखेर एकाच अणूच्या जाडीचा थर वेगळा केला. हे संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यासाठी त्यांना २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. जाड शिसपेन्सिलीच्या रेघेवर पट्टी चिकटवून तू हे घरी करून पाहू शकतेस. पट्टीवर करडी चकाकी दिसेल, पण ते शेकडो-हजारो थर असतील. क्ष-किरणांच्या कामाला एकच थर चालत नाहीच, तिथे असे शेकडो थर हवे असतात. अभ्रकाचा तुकडा मिळाला तर तोही नखाने सोलून बघ. गॅरेजमध्ये वापरतात ते काळे मॉलिब्डेनम ग्रीस इतके निसरडे असते, त्याचेही कारण हेच, की मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे थर एकमेकांवरून सहज घसरतात.

पट्टीचा विषय निघाला आहे म्हणून सांगतो. निर्वातात चिकटपट्टी उलगडली तर पट्टीतूनच क्ष-किरण निघतात! लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली अशा किरणांवर एका बोटाचे चित्र घेतले होते. त्याचा थरांच्या स्फटिकांशी संबंध नाही, आणि हवेत पट्टी सोलताना तसे होत नाही, तेव्हा तू निर्धास्त प्रयोग कर.

प्रश्न : रुग्णालयात उपयोग नाही आणि सिंक्रोट्रॉनची बरोबरीही नाही, तर मग या किरणांचा उपयोग नेमका कोणाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ज्यांना मृदू क्ष-किरण हवेत आणि त्यांची ऊर्जा हवी तशी सरकवायची आहे, अशांना.

जीवशास्त्रात ‘पाण्याची खिडकी’ म्हणून ओळखला जाणारा ऊर्जेचा एक पट्टा आहे. कार्बनचे शोषण २८४ इलेक्ट्रॉनव्होल्टला एकदम वाढते, ऑक्सिजनचे ५४३ ला. या दोहोंच्या मधल्या ऊर्जेच्या किरणांना पाणी बऱ्यापैकी पारदर्शक असते आणि प्रथिने, मेद यांसारखे कार्बनयुक्त पदार्थ गडद दिसतात. त्यामुळे पेशीला रंग न देता, तिचे पातळ काप न करता, ती पाण्यासकट गोठवून तिचे चित्र घेता येते. हे काम आज मुख्यतः सिंक्रोट्रॉनवर, पाळी लावून करावे लागते. ०.६५ नॅनोमीटर अंतराच्या थरांवर २० किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन सोडले आणि झोताच्या दिशेपासून १२० अंशांवर किरण टिपले, तर ऊर्जा सुमारे ४५५ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते, म्हणजे बरोबर खिडकीच्या आत.

दुसरा उपयोग रसायनाचा. बॅटरीच्या धनाग्रात वापरल्या जाणाऱ्या धातूंच्या शोषणाच्या कडा, म्हणजे शोषण जिथे एकदम वाढते त्या ऊर्जा, याच टापूत येतात : मँगनीजची सुमारे ६४०, कोबाल्टची ७७८, निकेलची ८५३. किरणांची ऊर्जा कडेच्या अलीकडून पलीकडे नेत शोषण मोजले की नमुन्यात तो धातू किती आहे ते समजते. त्याची रासायनिक अवस्था कोणती, हेही कळण्यासाठी मात्र किरणांच्या ऊर्जेची रुंदी एक इलेक्ट्रॉनव्होल्टहून कमी हवी. शंभर नॅनोमीटरच्या कपच्यात सुमारे दीडशे थर मावतात, आणि आदर्श स्थितीतसुद्धा रुंदी साधारण थरांच्या संख्येच्या प्रमाणात घटते. म्हणजे ८०० इलेक्ट्रॉनव्होल्टला ती पाचाच्या आसपास राहणार. जाडी वाढवली तर रुंदी कमी होईल, पण इलेक्ट्रॉन विखुरतील आणि किरण शोषले जातील. या दोन अडचणींच्या मध्ये कुठेतरी सोयीची जाडी आहे आणि ती प्रत्येक पदार्थासाठी वेगळी काढावी लागते.

प्रश्न : आमच्या संस्थेत ३० किलोव्होल्टपर्यंत चालणारा क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आहे आणि त्याला मूलद्रव्ये ओळखणारा क्ष-किरण शोधकही जोडलेला आहे. एम. एस्सी. च्या प्रकल्पासाठी हे किरण आम्हाला पाहता येतील का? पदार्थ कोणता घ्यावा?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पाहण्याचा प्रयत्न करण्याजोगा आहे, कारण टेक्निऑनच्या प्रयोगातही सूक्ष्मदर्शकाला जोडलेला अशाच प्रकारचा शोधक वापरला होता. पुढे नानयांग विद्यापीठातील गटाने २०२३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग तर क्रमवीक्षण सूक्ष्मदर्शकातच, ग्रॅफाइट आणि षट्कोनी बोरॉन नायट्राइड घेऊन केलेला आहे.

माझा सल्ला ग्रॅफाइटचा राहील. त्यात कार्बनखेरीज काही नसल्याने त्याची स्वतःची अभिलक्षणिक रेषा एकच, २७७ इलेक्ट्रॉनव्होल्टला, आणि ती आपल्या मार्गातून दूर आहे. मॉलिब्डेनम डायसल्फाइड घेतले तर या दाबांना अपेक्षित किरण ३५० ते ५५० च्या दरम्यान येतील आणि तिथे ५२५ ला ऑक्सिजनची रेषा आडवी येईल. पृष्ठभागावर ऑक्सिजन नाही असा नमुना मिळणे कठीण. शोधक नमुन्याच्या प्रतलापासून ३५ अंश वर असेल, म्हणजे झोताच्या दिशेपासून १२५ अंशांवर, असे धरून ग्रॅफाइटसाठी हिशेब केला तर १० किलोव्होल्टला सुमारे ६५०, २० ला ८७० आणि ३० ला १०२० इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात. आपल्या शोधकाचा कोन यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला असेल. तो घालून हे आकडे पुन्हा काढावेत.

ओळखण्याची खूण ही, की दाब बदलला की हे शिखर जागा सोडते आणि अभिलक्षणिक रेषा जागच्या जागी राहतात. म्हणून एकाच दाबावर तासन्‌तास मोजत बसण्यापेक्षा तीन-चार दाबांवरचे वर्णपट एकावर एक ठेवून पाहावेत.

एक सापळा आधीच सांगून ठेवतो. पातळ कपचे ज्या जाळीवर ठेवतात ती बहुधा तांब्याची असते आणि तांब्याची मृदू रेषा ९३० इलेक्ट्रॉनव्होल्टला, म्हणजे नेमकी आपल्या २० आणि ३० किलोव्होल्टच्या शिखरांच्या मध्ये पडते. कक्षाच्या पोलादातून लोखंडाची रेषाही ७०५ ला डोके वर काढू शकते. शोधकाची भेदनक्षमता या टापूत काही दहा इलेक्ट्रॉनव्होल्टची असल्याने जवळची दोन शिखरे एकमेकांत मिसळतात. जाळी दुसऱ्या पदार्थाची घ्यावी, आणि नमुना नसलेल्या छिद्रावर झोत ठेवून पार्श्वभूमीचा वर्णपट आधी घेऊन ठेवावा. शोधकाची खिडकी मृदू किरणांना वाट देणारी आहे ना, हेही तंत्रज्ञांना विचारून घ्यावे. जुन्या शोधकांवरील बेरिलियमची खिडकी हे किरण अडवते. कपचा जाड ठेवू नये, नाहीतर १० किलोव्होल्टचे इलेक्ट्रॉन आतच विखुरतील आणि गतिरोधी प्रारणाच्या उंचवट्यात शिखर बुडून जाईल. प्रवाह जास्त लागणार असल्याने कपच्यावर कार्बनी मळ साचतो, त्यामुळे अधूनमधून जागा बदलावी.

शिखर हिशेबापेक्षा थोडे खाली सापडले तर ते लगेच मोजमापाची चूक म्हणून सोडून देऊ नये. वरील सूत्रात इलेक्ट्रॉनचा वेग किरण सोडल्यावरही तसाच राहतो, असे गृहीत धरले आहे. पण १० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या इलेक्ट्रॉनाने साडेसहाशे इलेक्ट्रॉनव्होल्टचा फोटॉन सोडला तर त्याची बरीच ऊर्जा खर्च झालेली असते आणि त्याला प्रतिधक्का बसतो. हा पुंज परिणाम गिन्झबुर्ग यांनी १९४० मध्ये चेरेन्कोव प्रारणाच्या (माध्यमातील प्रकाशाहून वेगवान कणापासून निघणाऱ्या प्रकाशाच्या) संदर्भात मांडला होता, आणि सिंगापूरच्या प्रयोगात स्फटिकातील किरणांसाठी तोच मोजला गेला. आपल्या मांडणीत तो एक-दोन टक्क्यांहून मोठा नसावा, त्यामुळे तो पकडायचा तर शोधकाचे अंशांकन दर वेळी कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या रेषांवर तपासून घ्यावे लागेल. पहिल्या सत्रात नुसते सरकणारे शिखर दिसले तरी प्रकल्पाला ते पुरेसे आहे. प्रतिधक्क्याच्या मोजणीला दुसऱ्या सत्रात हात घालावा.